हिप्परग्याचे गुरुजी

सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील बाल्टिमोर नावाच्या शहरी एका घरी फ्रेडरिक नावाचा एक गुलाम मुलगा कामास होता. घरच्या मालकिणीने त्याला ममतेने मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. ही गोष्ट मालकाच्या कानी जाताच त्याने ते शिक्षण तत्काळ बंद पाडले. गुलाम एकदा वाचू लागला की तो गुलाम म्हणून राहावयाचा नाही, अशी त्याची खात्री होती. परंतु त्याच्या बोलण्याचा त्या मुलाच्या मनावर उलटाच परिणाम झाला. ज्या गोष्टीचे मालकाला एवढे भय वाटते, तीच आपल्या सुटकेची वाट असली पाहिजे, हे त्याने ओळखले. रस्त्यात भेटणाऱ्या गरीब गोऱ्या मुलांना तो पावाचा तुकडा देई आणि त्याच्या मोबदल्यात अक्षरे शिकून घेई. पुढे 1838 साली तो गुलामगिरीतून निसटला आणि फ्रेडरिक डग्लस या नावाने गुलामांच्या मुक्तीसाठी जन्मभर बोलत व लिहीत राहिला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कित्येक राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा कायद्याने गुन्हा होता. अक्षरांच्या अंगी केवढे सामर्थ्य असते, हे ते कायदे करणाऱ्यांना नीट ठाऊक होते.

आपल्या महाराष्ट्रात हे सामर्थ्य महात्मा जोतीराव फुले यांनी ओळखले. शूद्र व अतिशूद्र मानल्या गेलेल्यांसाठी आणि मुलींसाठी त्यांनी शाळा काढल्या. 1873 साली प्रसिद्ध झालेला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. समुद्रापलीकडील दास्य आणि आपल्या दारातील दास्य ही एकाच जातीची आहेत, असे त्यांना दिसले होते.

पुण्यात जोतीरावांच्या शाळा सुरू झाल्या, तरी मराठवाड्यातील खेड्यापाड्यांवर पुढे कितीतरी वर्षे अज्ञानाचा अंधार पसरलेला होता. त्या अंधारात खडू आणि फळा घेऊन उभे राहिलेल्या आणि प्रसंग येताच तो खडू खाली ठेवून तुरुंगाची वाट धरणाऱ्या एका शिक्षकाची ही कथा आहे. त्यांचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

त्या काळचा मराठवाडा कसा होता, हे प्रथम पाहू. नांदेड, परभणी, बीड, औरंगाबाद आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातील एक व्यापारी गाव होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा 1982 साली झाला. संस्थानात तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य होती. राज्य मात्र निजामाचे होते. 1911 साली मीर उस्मान अली खान गादीवर आले. जगातील अत्यंत श्रीमंत पुरुषांत त्यांची गणना होई. परंतु त्यांच्या प्रजेला राज्यकारभारात काडीचाही अधिकार नव्हता. सभा भरवावयाची असेल तर सरकारची परवानगी लागे. ज्या फर्मानाने हे बंधन घातले होते ते ‘गश्ती निशान 53’ या नावाने घरोघरी कुप्रसिद्ध होते. खासगी शाळा चालवावयाची तरीही परवानगी लागे, आणि ती सहजासहजी मिळत नसे.

कचेरीचा व न्यायालयाचा कारभार उर्दूतून चाले. वरच्या इयत्तांचे शिक्षणही उर्दूतूनच होई. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. उर्दू ही गोड व समृद्ध भाषा आहे. तिच्याशी कोणाचे वैर नव्हते. परंतु ज्या मुलाच्या घरी, शेतावर आणि देवळात मराठी बोलली जाते, त्याने ज्ञान मिळविण्यासाठी प्रथम एक परकी भाषा ओलांडून जावे, हा कोठला न्याय? बहुतेक मुले त्या उंबऱ्याशीच थांबत. कित्येकांना तर शाळेचा उंबराही दिसत नसे.

या निरक्षरतेचे परिणाम शेतकऱ्याला रोज भोगावे लागत. सावकाराने कागद पुढे करावा आणि शेतकऱ्याने त्यावर डाव्या हाताचा अंगठा उठवावा. कागदावर कर्ज किती लिहिले आहे, व्याज काय लावले आहे, जमीन गहाण पडली की विकली गेली, हे त्या बिचाऱ्याला कसे कळावे? सरकारी नोटीस आली, तर ती वाचून घेण्यासाठी दुसऱ्याचे पाय धरावे लागत. अंमलदार गावात आला की गोरगरिबांना, विशेषतः अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना, वेठीस धरण्यात येई. मोबदला न देता ओझी वाहावयास लावीत. येथे माणसांचा बाजार भरत नव्हता, पायांत लोखंडी बेड्या नव्हत्या. परंतु ज्याला आपल्यावर होणारा अन्याय वाचताही येत नाही आणि त्याविरुद्ध चार ओळींचा अर्ज लिहिताही येत नाही, त्याला स्वतंत्र कसे म्हणावे?

अशा या संस्थानात ज्यांनी मुक्तीची ज्योत लावली, त्या स्वामीजींचा जन्म 3 ऑक्टोबर 1903 रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. मराठी आणि कन्नड या दोन भाषा जेथे शेजारणींसारख्या नांदतात, त्या मुलखात त्यांचे बालपण गेले. माध्यमिक शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. 1920 साली लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा व्यंकटेश अवघ्या सोळा वर्षांचा होता. त्या दुःखाच्या वेळी त्याने आजन्म ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करण्याचा निश्चय केला. सोळा वर्षांच्या मुलाचे निश्चय पुष्कळदा वाऱ्यावर विरून जातात. व्यंकटेशचा निश्चय एक्कावन्न वर्षांनी त्याच्या देहाबरोबरच संपला.

थोड्याच दिवसांत महात्मा गांधींनी असहकाराची हाक दिली. सरकारी शाळांवर बहिष्कार घालावा, असा त्या हाकेचा एक भाग होता. व्यंकटेशने सरकारी शाळा सोडली. शाळा सोडली, परंतु शिक्षण सोडले नाही. पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात त्याने एम. ए.पर्यंतचे शिक्षण पुरे केले. लोकशाहीचा विकास हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. ज्या संस्थानात लोकशाहीचा गंधही नव्हता, तेथे पुढे त्याला आपले आयुष्य वेचावयाचे होते.

शिक्षण संपल्यावर व्यंकटेशरावांनी प्रसिद्ध कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे स्वीय सचिव म्हणून काम केले. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांचे जीवन त्यांना जवळून पाहावयास मिळाले. मोठ्या नेत्याच्या सहवासात, मोठ्या शहरात राहून त्यांना नावलौकिक मिळविता आला असता. परंतु त्यांचे मन खेड्याकडे ओढ घेत होते. 1929 साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, हिप्परगा या लहानशा गावी आले आणि तेथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले.

हिप्परग्याची ही शाळा 1921 साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी या देशभक्तांच्या पुढाकाराने सुरू झाली होती. मराठवाड्यातील ती पहिल्या राष्ट्रीय शाळांपैकी एक होती. राष्ट्रीय शाळा म्हणजे काय? जेथे सरकारी नोकरीसाठी कारकून तयार करावयाचे नाहीत, तर मुलांना स्वतःच्या भाषेतून शिकवून स्वाभिमानी माणसे घडवावयाची, ती राष्ट्रीय शाळा. अशा शाळेच्या प्रमाणपत्रावर सरकार दरबारी नोकरी मिळत नसे. तरीही आपली मुले तेथे पाठविणारे पालक होते आणि अल्प वेतनावर शिकविणारे शिक्षकही होते, ही लहान गोष्ट नव्हे.

आडवळणाच्या या गावात व्यंकटेशरावांना आपल्या जीवनाचे कार्य सापडले. त्यांच्या दृष्टीने शिकविणे म्हणजे पुस्तकातील धडे पाठ करून घेणे नव्हते. ज्याला इतिहास वाचता येतो, त्याला आपली आजची स्थिती नेहमीच अशी नव्हती हे कळते. ज्याला भूगोल वाचता येतो, त्याला जगात राजावाचून चालणारी राज्ये आहेत हे कळते. ज्याला हिशेब येतो, त्याला सावकाराची वही तपासून पाहता येते. आणि ज्याला लिहिता येते, त्याला आपले मत निर्भयपणे मांडता येते. प्रत्येक विषय असा माणसाला ताठ उभे राहावयास शिकवितो.

हिप्परग्यास असतानाच व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला. स्वामी रामतीर्थ यांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल ठसा होता. संन्यासानंतर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यासी म्हटला की तो संसाराबरोबर जगाकडेही पाठ फिरवितो, अशी आपली समजूत असते. या संन्याशाने मात्र स्वतःचे घर सोडले ते लोकांची घरे आपली मानण्यासाठी. भगवी वस्त्रे अंगावर घेऊन ते वर्गात उभे राहिले व मुलांना शिकवीत राहिले.

1935 साली स्वामीजी मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, आले. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या स्मृतींनी पावन झालेल्या या नगरीत त्यांनी योगेश्वरी विद्यालयाची धुरा खांद्यावर घेतली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे त्यागी सहकारी त्यांच्या बरोबर होते. त्याच सुमारास मराठवाड्यात इतरत्रही खासगी शाळा आणि वाचनालये मूळ धरू लागली होती. वाचनालयात चार माणसे एकत्र बसत, एक जण वर्तमानपत्र वाची आणि इतर ऐकत. ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानी येई की, इंग्रजी मुलखात लोक सभा भरवितात, निवडणुका लढवितात, सरकारला जाब विचारतात. आपल्यालाच हे का नाकारले जाते? सरकारच्या हेरांचा अशा शाळांवर आणि वाचनालयांवर डोळा असे. बाल्टिमोरच्या त्या मालकाला जे भय वाटले होते, तेच भय येथेही होते.

1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि दुसरे अधिवेशन 1938 साली लातूर येथे झाले. मराठी भाषेतून शिक्षण मिळावे, नागरिकांना सभेचे व भाषणाचे स्वातंत्र्य असावे, राज्यकारभार लोकांना जबाबदार असावा, अशा मागण्या या चळवळीतून पुढे आल्या. या मागण्यांत शिक्षणाची मागणी आणि स्वातंत्र्याची मागणी शेजारी शेजारी उभ्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता स्वामीजींच्या पुढे कठीण प्रसंग उभा राहिला. शाळा की सत्याग्रह? शाळा हे त्यांचे लाडके काम. त्यांनी हाताने लावलेली रोपे आता कोठे वाढू लागली होती. मुख्याध्यापकच तुरुंगात गेला तर शाळेवर सरकारचा रोष होणार, मुलांचे नुकसान होणार, पालक भिऊन मुले काढून घेणार. उलट, ज्या राज्यात शाळा उघडण्यासही परवानगी मागावी लागते, तेथे कितीही चांगली शाळा चालविली तरी ती सरकारच्या मर्जीवर तगणार. मुलांना स्वातंत्र्याचा पाठ शिकवावा आणि त्या पाठाप्रमाणे वागण्याची वेळ आली की आपण वर्गातच बसून राहावे, हे त्यांच्या मनाला पटेना. शिक्षक जे शिकवितो त्यापेक्षा तो जे करतो ते मुले अधिक शिकतात. स्वामीजींनी शाळा सहकाऱ्यांच्या स्वाधीन केली आणि ते हैदराबादला जाऊन लोकांच्या चळवळीत उतरले.

1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होत होती. तिचा जन्म होण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. 24 ऑक्टोबर 1938 रोजी गोविंदराव नानल यांच्या पहिल्या तुकडीने बंदी मोडून सत्याग्रह आरंभिला. थोड्याच दिवसांत स्वामीजींनीही सत्याग्रह केला आणि त्यांना कारावासाची शिक्षा झाली. योगायोग असा की, फ्रेडरिक डग्लस गुलामीतून निसटला त्याला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

याच दिवसांत विद्यार्थ्यांनीही आपली परीक्षा दिली. ती परीक्षा वह्यापुस्तकांची नव्हती. उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या वसतिगृहांतील विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ हे गीत म्हणत. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. गीत सोडावे की शिक्षण सोडावे, असा प्रश्न पडला. विद्यार्थ्यांनी गीत सोडले नाही. त्यांची नावे पटावरून काढून टाकण्यात आली. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांच्यापैकी अनेकांना आपल्याकडे आश्रय दिला. या विद्यार्थ्यांत पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. वर्गाबाहेर काढलेली ही मुले अडाणी राहिली नाहीत. ती परत आली तेव्हा अधिक निर्भय होऊन आली.

स्वामीजींच्या आयुष्यात यानंतर तुरुंग आणि लोकसेवा यांची आळीपाळीने ये-जा सुरू झाली. 1940 साली त्यांनी वैयक्तिक सत्याग्रह केला. 1942 साली ‘छोडो भारत’ आंदोलनात ते पुन्हा बंदिवासात गेले. 1946 साली स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली. पुढच्याच वर्षी जून महिन्यात हैदराबादेस भरलेल्या तिच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान स्वामीजींनी भूषविले.

1947 सालचा 15 ऑगस्ट उजाडला. देशभर तिरंगी झेंडे फडकले. मिठाई वाटली गेली. परंतु हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. निजामाला स्वतंत्र राहावयाचे होते. त्या दिवशी संस्थानात तिरंगा उभारणे हा अपराध होता. स्वामीजींना त्याच दिवशी पकडण्यात आले. देशाच्या स्वातंत्र्याचा पहिला दिवस या देशभक्ताने तुरुंगात घालविला. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. परंतु ती सुटका फार काळ टिकली नाही. जानेवारी 1948 मध्ये त्यांना पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले.

बाहेर रझाकारांनी हाहाकार माजविला होता. गावे लुटली गेली, घरे जाळली गेली, निरपराध माणसे मारली गेली. हजारो कुटुंबे सीमा ओलांडून शेजारच्या मुलखात गेली. या रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूर येथे वकिली करणारा सुशिक्षित गृहस्थ होता. येथे आपण क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. अक्षरे माणसाला सामर्थ्य देतात. परंतु त्या सामर्थ्याचा उपयोग कोणासाठी करावयाचा, हे अक्षरे सांगत नाहीत. ते माणसाच्या अंतःकरणाने ठरवावयाचे असते. कायद्याची पुस्तके वाचलेला एक मनुष्य द्वेषाची आग पेटवीत होता. आणि त्याच संस्थानात शोएबुल्ला खान नावाचा एक तरुण संपादक आपल्या ‘इमरोज’ या उर्दू दैनिकातून रझाकारांच्या अत्याचारांचा निर्भयपणे निषेध करीत होता. हैदराबाद भारतात विलीन व्हावे, असे तो लिही. ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी हैदराबादच्या रस्त्यात त्याची हत्या केली. तो मुसलमान होता, त्याचे पत्र उर्दू होते. म्हणून हा लढा हिंदूंचा मुसलमानांशी किंवा मराठीचा उर्दूशी नव्हता. तो प्रजेचा जुलमी सत्तेशी होता. स्वामीजींची भूमिकाही नेमकी हीच होती.

13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि 17 सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. हैदराबाद मुक्त झाले. स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा होतो.

लढाई जिंकल्यावर सेनापती विश्रांती घेतो. स्वामीजी मात्र पुन्हा शिक्षणाकडे वळले. मुक्ती मिळाली, परंतु नांदेडसारख्या जिल्ह्याच्या गावीसुद्धा मुलांना उच्च शिक्षणाची सोय नव्हती. खेड्यातील हुशार मुलाने पुढे शिकावयाचे म्हटले, तर त्याला दूरच्या शहराची वाट धरावी लागे. गरिबाच्या मुलाला ती परवडत नसे. 1950 साली स्वामीजींच्या नेतृत्वाखाली नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले. लोकांचे महाविद्यालय असे साधे नाव त्याला दिले गेले, आणि नावाप्रमाणेच ते लोकांच्या आश्रयावर वाढले. पुढे नरहर कुरुंदकरांसारख्या थोर विचारवंताने तेथे अध्यापन केले आणि प्राचार्यपदही भूषविले.

त्याच 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेस सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाड्यातील दलित समाज दुहेरी दास्यात होता. एक राजसत्तेचे आणि दुसरे जातिभेदाचे. निजामाचे राज्य गेले म्हणून जातिभेद गेला नाही. त्या दुसऱ्या दास्याच्या भिंतीला बाबासाहेबांनी शिक्षणाने भगदाड पाडले. कालपर्यंत ज्यांच्या वडिलांना वेठीस धरले जात असे, त्यांची मुले पुस्तके हाती घेऊन महाविद्यालयाच्या पायऱ्या चढू लागली.

स्वामीजी 1952 आणि 1957 या दोन निवडणुकांत लोकसभेवर निवडून आले. परंतु मंत्रिपदाची किंवा अधिकाराची हाव त्यांना कधी शिवली नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी सातत्याने मांडली. हैदराबाद हे राज्य तसेच न ठेवता भाषेप्रमाणे त्याची विभागणी करावी, तेलुगू मुलाला तेलुगूतून, कन्नड मुलाला कन्नडमधून आणि मराठी मुलाला मराठीतून शिकता यावे, राज्यकारभार त्याला कळेल अशा भाषेत चालावा, हा त्यांचा आग्रह होता. ज्या मागणीसाठी त्यांनी वर्ग सोडला होता, तिचीच ही परिपूर्ती होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले आणि मराठवाडा इतर मराठी मुलखाशी जोडला गेला. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

22 जानेवारी 1972 रोजी हैदराबाद येथे स्वामीजींनी देह ठेवला. मागे घर नव्हते, जमीन नव्हती, संपत्ती नव्हती. मागे राहिल्या त्या शाळा, महाविद्यालये आणि त्यांतून शिकून बाहेर पडलेली असंख्य माणसे. 17 सप्टेंबर 1994 रोजी, म्हणजे मुक्तिदिनाच्याच दिवशी, नांदेड येथे नवे विद्यापीठ स्थापन झाले. त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव देण्यात आले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालये या विद्यापीठाशी जोडलेली आहेत. एके काळी ज्या मुलखात शाळा काढण्यासाठी परवानगी मागावी लागत होती, त्याच मुलखातील शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुलेमुली आज त्या विद्यापीठाची पदवी घेतात.

मुलांनो, तुम्ही रोज सकाळी दप्तर घेऊन शाळेत येता. शाळा, पुस्तक आणि स्वतःची भाषा या गोष्टी तुम्हांला हवेपाण्यासारख्या सहज मिळालेल्या आहेत. म्हणूनच त्यांचे मोल कदाचित ध्यानी येत नसेल. परंतु तुमच्या आजोबांच्या पेटीत एखादा जुना कागद अजूनही सापडेल. त्याच्या खाली सहीच्या जागी निळसर शाईचा अंगठा उमटलेला असेल. तो अंगठा नीट पाहा. ज्या हाताचा तो आहे, त्या हाताने नांगर धरला, मोट हाकली, ओझी वाहिली. परंतु त्या हाताला स्वतःचे नाव लिहावयास कोणी शिकविले नव्हते.

त्या अंगठ्यापासून तुमच्या सहीपर्यंतचे अंतर फार मोठे आहे. ते तोडण्यासाठी एका बाल्टिमोरच्या मुलाने आपला पाव दिला, एका जोतीरावांनी समाजाचा रोष पत्करला, आणि हिप्परग्याच्या एका गुरुजींनी आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे तुरुंगात घालविली. यापुढे कोणत्याही कागदावर सही कराल, तेव्हा तो आधी नीट वाचा. आणि शेजारी उभ्या असलेल्या एखाद्याला वाचता येत नसेल, तर त्यालाही वाचून दाखवा. जमल्यास त्याला अक्षरे शिकवा. स्वामीजींचे काम पुढे चालविण्याचा याहून सोपा आणि याहून चांगला मार्ग दुसरा नाही.